कंपनी सरकारचा पोतदार

घरातले जुने सोने मोडायचे ठरले की बायकांच्या डोळ्यांत पाणी येते आणि पुरुष कागद-पेन्सिल घेऊन हिशोबाला बसतात. आमच्या घरीही असेच झाले. आईमागे राहिलेल्या दोन पाटल्या, एक तुटका गोफ आणि जोडीदार हरवलेले कानातले फूल एवढा ऐवज घेऊन मी कल्याणच्या बाजारपेठेतल्या एका गलाईच्या दुकानात जाऊन बसलो. दुकान कसले, जिन्याखालची खोलीच ती. कोपऱ्यात भट्टी, वर धूर ओढून घेणारा पंखा, भिंतीशी तेजाबाच्या बरण्या आणि काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू. मालक सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. त्या भागातली आणि शेजारच्या आटपाडी, तासगावकडची माणसे गलाईसाठी साऱ्या हिंदुस्थानभर पसरली आहेत. केरळापासून आसामपर्यंत कोणत्याही गावच्या सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात शिरा, मराठी ऐकू येईल.

पाटल्यांबरोबर आजीच्या हातची एक चिठ्ठी होती. तिच्यात दोन्ही मिळून चार तोळे असे लिहिलेले. काट्यावर मात्र सेहेचाळीस ग्रॅमच्या वर वजन भरले. दहा ग्रॅमचा तोळा धरून मी मनातल्या मनात साडेचार तोळ्यांच्या वर पोचलो आणि आजीच्या भोळेपणाचे हसू आले. गलाईवाल्याने माझा आनंद फार वेळ टिकू दिला नाही. हा जुना तोळा आहे, ११.६६ ग्रॅमचा, त्यात आजीची काही चूक नाही, असे त्याने शांतपणे सांगितले आणि पाटल्या मुशीत टाकल्या.

आजीचा तो तोळा नेमका १८० ग्रेनचा. रुपयाचे नाणेही तेवढ्याच वजनाचे, म्हणून औषधाच्या जुन्या पाठांत ‘रुपयाभार’ हे माप येते. रुपया आणि तोळा यांची ही सांगड घालून देण्याचा आग्रह ज्यांनी धरला, त्यांत कलकत्त्याच्या टाकसाळीतला एक तरुण अधिकारी पुढे होता. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप. शाळेच्या इतिहासात हे नाव आपल्याला भेटते ते ब्राह्मी लिपी वाचणारा विद्वान म्हणून. पण त्याचा पगार लिपी वाचण्याचा नव्हता. तो सोन्याचांदीचा कस काढत असे. मराठी राज्यात नाणी पारखणाऱ्याला पोतदार म्हणत. प्रिन्सेप हा कंपनी सरकारचा पोतदार.

जेम्सचा जन्म २० ऑगस्ट १७९९ चा, इंग्लंडमधला. बाप जॉन प्रिन्सेप बंगालमध्ये येऊन निळीच्या धंद्यात गब्बर झाला होता. कंपनीसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ताही त्याने केला होता. मायदेशी परतल्यावर पैसा पुष्कळसा गेला आणि मुले मात्र भरपूर राहिली. मुलांना कुठे ना कुठे चिकटवणे भाग होते. जेम्सचा हात चित्रकलेत चांगला, म्हणून त्याला पुजिन या नामांकित वास्तुकाराकडे शिकायला ठेवले. बारीक रेघांची चित्रे काढता काढता पोराचे डोळे बिघडले आणि वास्तुकलेचा नाद सोडावा लागला. मग लंडनच्या राजटाकसाळीतल्या पारख्याच्या हाताखाली तो धातू पारखायला शिकला. डोळे अधू म्हणून पारखीच्या धंद्यात घातलेला मुलगा, हे ऐकायला चमत्कारिक वाटते खरे. पुढे याच डोळ्यांनी जे वाचले, ते दोन हजार वर्षे उघडे पडून असताना कोणालाच वाचता येत नव्हते!

सप्टेंबर १८१९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो कलकत्त्याला उतरला. तिथल्या टाकसाळीचा मुख्य पारखी होता होरेस विल्सन, संस्कृत-इंग्रजी कोश करणारा. भट्टीजवळ बसून संस्कृतचा कोश रचणारा माणूस वरिष्ठ म्हणून मिळावा, हा योगही विलक्षणच. वर्षभरात जेम्सची नेमणूक बनारसच्या टाकसाळीत झाली आणि पुढली दहा वर्षे तो काशीकर झाला.

पारखी म्हणजे करतो काय, ते मला गलाईच्या दुकानात बसल्या बसल्या पाहायला मिळाले. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सोने पाहणे हा झाला अंदाज. अनुभवी सराफाचा अंदाज फारसा चुकत नाही, हेही खरे. पण टाकसाळीला अंदाज चालत नाही. तिथे आगीची परीक्षा लागते. सोन्याचा बारीक तुकडा तोलायचा, त्यात मापून चांदी घालायची आणि दोन्ही शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचे. ही पुडी हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून तापल्या भट्टीत सरकवायची. शिसे वितळते, हवेशी संयोग पावून त्याची भस्मे होतात आणि जाताना तांबे-जस्तासारखे हलके सोबती बरोबर घेऊन राखेत मुरते. वाटी त्यांना पिऊन टाकते. सोने आणि चांदी तेवढी उरतात. शेवटच्या क्षणी त्या वितळलेल्या थेंबावर इंद्रधनुष्याचे रंग फिरतात, एकदम लकाकी येते आणि थेंब गोठतो. हा झाला रवा.

रवा ठोकून, लाटून त्याची सुरळी करायची आणि ती तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात उकळायची. चांदी विरघळते, सोन्याला काही होत नाही. यासाठी सोने चौथा हिस्सा आणि चांदी तीन हिस्से असे प्रमाण लागते. चांदी त्याहून फार कमी असेल तर सोनेच तिला आत कोंडून धरते आणि तेजाब तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे सोने शुद्ध करायला आधी त्यात तिप्पट भेसळ करावी लागते! मराठी माणसाला चौथाईचा हिशोब नवा नाही, पण हा मात्र उलटा आहे. सुरळी निघते ती मातकट तपकिरी, सोने म्हणून कोणी उचलणार नाही अशी. ती धुऊन पुन्हा तापवली की पिवळा रंग येतो. मग ती तोलायची. आधीच्या आणि नंतरच्या वजनांच्या प्रमाणावरून मालाचा खरा कस कळतो.

माझ्या पाटल्यांचे गलाईवाल्याने हेच मोठ्या प्रमाणावर केले. फरक इतकाच की शिशाची पायरी त्याने गाळली. पिवळसर तांबड्या धुराचे लोट पंख्याकडे निघाले. हा धूर छातीला वाईट, म्हणून मला बाहेरच्या बाकावर बसवले. नंतर उरलेल्या द्रावणात त्याने तांब्याची पट्टी टाकली. पाणी हळूहळू निळे होत गेले आणि पट्टीवर करड्या भुकटीचे थर चढू लागले. तांबे पाण्यात उतरले आणि चांदी बाहेर आली. या धंद्यात काही वाया जात नाही. फुटक्या मुशी, भट्टीची राख, जमिनीवरचा केर, सारे जपून ठेवतात. सराफकट्ट्याची गटारेसुद्धा धुऊन कण वेचणारे झारेकरी पूर्वी गावोगाव होते.

आज दागिन्यावर हॉलमार्क असतो. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. क्ष-किरणांचे यंत्र अर्ध्या मिनिटात कस सांगते. पण वाद पडला तर निवाडा अजूनही शिशाच्या पुडीवर आणि तेजाबावरच होतो.

बनारसला प्रिन्सेप दिवसभर हेच करी. पण जगात चालत आलेली रीत जशीच्या तशी करत राहणे त्याच्या स्वभावात नव्हते. भट्टी किती तापली आहे, हे त्या काळी पारखी ज्वाळेच्या रंगावरून सांगत. वेजवुड या इंग्रज कुंभाराने मातीच्या गोळ्यांवरून उष्णता मोजायची एक युक्ती काढली होती, पण तिचे आकडे भलतेच येत. प्रिन्सेपने चांदी, सोने आणि प्लॅटिनम यांचे ठरावीक प्रमाणात मिसळलेले लहान लहान तुकडे केले. शुद्ध चांदी लवकर वितळते, सोने जसजसे वाढवावे तसा वितळण्याचा बिंदू वर जातो, पुढे सोन्यात प्लॅटिनम मिसळत गेले की आणखी वर. हे तुकडे ओळीने भट्टीत ठेवायचे आणि कुठपर्यंतचे वितळले ते पाहायचे, एवढी साधी गोष्ट. त्यावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८२८ मध्ये छापला आणि एकोणतिशीच्या आतबाहेरच्या या टाकसाळ्याला आपला सदस्य करून घेतले. तराजूही त्याने स्वतः बनवला. एका ग्रेनचा तीन हजारांश भाग त्यावर कळे.

कामावरून सुटला की हा माणूस काशीच्या गल्ल्यांतून हिंडे. शहराचा नकाशा त्याने काढला. पंचगंगा घाटावरच्या औरंगजेबाच्या मशिदीचे मिनार कलले होते, ते सावरले. साचलेले पाणी गंगेत सोडणारा भुयारी मार्ग बांधला. शहराची लोकसंख्या तेव्हा पाच-सहा लाख सांगत. याने घरोघर मोजणी करवली, ती दोन लाखांच्याही आत आली. फुगवलेला आकडा वाटीत घालून तापवला म्हणायचा! कर्मनाशा नदीवर पूल बांधण्याचा प्रयत्न पुण्याच्या नाना फडणविसांनी केला होता. वाळूत पाया टिकेना म्हणून तो अर्धवट राहिला. तो पूल पुढे राजा पटणीमल यांच्या पैशाने आणि प्रिन्सेपच्या आराखड्याने उभा राहिला. जिच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य जाते अशी समजूत, त्या नदीवरून काशीचे यात्रेकरू पाय न भिजवता जाऊ लागले.

१८३० मध्ये बनारसची टाकसाळ बंद झाली. तो कलकत्त्याला परतला आणि दोन वर्षांत विल्सनच्या जागी मुख्य पारखी झाला. एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपदही विल्सनकडून त्याच्याकडे आले.

त्या वेळच्या नाण्यांचा गोंधळ आज कल्पनेत येणार नाही. आपल्याकडेच चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा, मुंबईचा वेगळा आणि सुरती वेगळा. प्रत्येकाची चांदी निराळी. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालवायचा तर सराफ बट्टा कापून घेई. माणसाच्या नावाला बट्टा लागतो असे आपण म्हणतो, तो हाच. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखात एकच रुपया आला. वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. हाच तोळा, असे ८० तोळे म्हणजे शेर आणि ४० शेर म्हणजे मण. या सुधारणेसाठी प्रिन्सेपने कोष्टकांची कोष्टके तयार केली होती. गरीब शेतकऱ्याचा बट्टा वाचला ही त्यातली मोठी गोष्ट. सराफांना ती आवडली नसणार हेही उघड आहे. आणि कंपनीच्या तिजोरीला ती सोयीची होती, हे विसरून त्याला संत करण्याचे कारण नाही. वितळवायला आलेल्या जुन्या नाण्यांबरोबर किती राजांची नावे मुशीत गेली, त्याला गणती नाही.

ती नाणी हातातून जाता जाताच प्रिन्सेपला त्यांवरच्या अक्षरांनी पछाडले. दिल्ली आणि अलाहाबादच्या दगडी खांबांवर काड्यांसारखी सरळ, सुबक अक्षरे कोरलेली होती. फिरोजशहा तुघलकाने त्यांतले दोन खांब दिल्लीला आणून उभे केले, पण त्यांवर काय लिहिले आहे हे सांगणारा त्यालाही कोणी भेटला नाही. प्रिन्सेपने प्रथम नुसती मोजणी केली. कोणते चिन्ह किती वेळा येते, त्याला वरखाली, डाव्याउजव्या कोणत्या रेघा लागतात, याचे तक्ते मांडले. रेघा म्हणजे काना-मात्रा असाव्यात, एवढे त्यातून दिसले. पुढे सरकायला वाट नव्हती.

वाट सांचीने दिली. तिथल्या स्तूपाच्या कठड्यावर जागोजाग छोटे छोटे लेख होते. कॅप्टन एडवर्ड स्मिथने त्यांचे ठसे पाठवले, ते १८३७ च्या मे महिन्यात प्रिन्सेप छापखान्यासाठी मांडत होता. मांडता मांडता त्याच्या लक्षात आले की बहुतेक सारे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. इतके तुकडे तुकडे, वेगवेगळ्या खांबांवर आणि शेवट एकच. राजाज्ञा असे विखरून कोणी कोरत नाही. देवळात फरशीवर, पायरीवर, घंटेवर देणाऱ्यांची नावे असतात, तशी ही असली पाहिजेत. म्हणजे शेवटचा शब्द ‘दानं’. त्यातून द आणि न मिळाले. त्याआधी येणारे अक्षर ‘चे’ या अर्थाच्या षष्ठी प्रत्ययाचे, म्हणजे स. तीन अक्षरे सुटली आणि बाकीची काही दिवसांत एकामागून एक पडत गेली. जवळ बसून मदत करणारे पंडित कमलाकांतांसारखे देशी विद्वान होते. त्यांच्याशिवाय हे झाले नसते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांची नावे का येत नाहीत, हे विचारायला हरकत नाही.

दिल्लीचा खांब बोलू लागला. देवानांपिय पियदसि नावाचा राजा कोणी होता. तो सिंहलचा असावा असे प्रिन्सेपला प्रथम वाटले. सिंहलमध्येच नोकरी करणाऱ्या जॉर्ज टर्नरने पाली ग्रंथ पाहून सांगितले की हा चंद्रगुप्ताचा नातू अशोक. चूक दाखवून दिल्याचा प्रिन्सेपला राग आला नाही. त्याने ती लगेच छापली. मग मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या खटपटीने तयार झालेले गिरनारच्या शिलालेखाचे ठसे कलकत्त्याला पोचले. त्यांत अँटिओकस आणि टॉलेमी हे ग्रीक राजे निघाले आणि अशोकाचा काळ पक्का झाला. तोवर हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासात वर्ष असे जवळजवळ नव्हतेच.

हे सारे एका वर्षाच्या आसपास घडले. आणि ते चालू असताना दिवसा टाकसाळ होतीच. कलकत्त्याचा उन्हाळा, त्यात भट्टीची आच, संध्याकाळी सोसायटीचा पत्रव्यवहार आणि रात्री दिव्याजवळ ठशांची चित्रे. मासिकातली चित्रे तो स्वतःच कोरी. १८३५ मध्ये त्याचे लग्न झाले होते, १८३७ मध्ये मुलगी झाली. घरच्यांच्या वाट्याला तो कितीसा येत असेल, देव जाणे. १८३८ मध्ये डोकेदुखी सुरू झाली. पित्त म्हणून औषधे झाली. मग बोलण्यात, आठवणीत खंड पडू लागले. त्या नोव्हेंबरमध्ये त्याला बोटीवर चढवून इंग्लंडला नेले. दगडावरची हरवलेली अक्षरे शोधून काढणाऱ्याच्या मनातूनच एकेक गोष्ट पुसली जात होती. सुमारे दीड वर्ष तो असाच पडून होता. २२ एप्रिल १८४० रोजी, चाळिसाव्या वर्षी, लंडनला तो गेला. कलकत्तेकरांनी त्याच्या नावाने हुगळीवर खांबांचा घाट बांधला, तो आहे अजून.

प्रिन्सेपचे हिंदुस्थानातले आयुष्य काशी आणि कलकत्ता यांतच गेले. आपल्या ठाण्याकडे त्याचा तक्ता तेवढा आला, तोही फिरून फिरून. जुनागडला भगवानलाल इंद्रजी नावाचा एक मुलगा होता. इंग्रजी जेमतेम, पण गिरनारचा दगड गावाशेजारी. त्याच्या हाती प्रिन्सेपने मांडलेल्या जुन्या अक्षरांचा तक्ता पडला आणि तो घेऊन पोरगा एकटाच शिलालेख वाचत बसे. हा मुलगा पुढे मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आला आणि मोठा पुरातत्त्वज्ञ झाला. १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात पाषाणाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा निघाला. सोन्याची फुलेही होती. त्याच वर्षी त्यांना तिथे अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. राजाने शिकारीच्या सहली सोडल्या, तो धर्मयात्रेला जाऊ लागला, वृद्धांना भेटून त्यांना सोने देऊ लागला, असा त्या लेखाचा आशय.

पण मला सोपाऱ्यापेक्षा कान्हेरी जवळची. बोरिवलीच्या जंगलातल्या त्या लेण्यांत कल्याणकरांनी जागोजाग आपली नावे कोरून ठेवली आहेत. सातवाहनांच्या काळात कल्याण हे मोठे बंदर होते. तिथले व्यापारी, लोहार पदरमोड करून भिक्षूंसाठी काही ना काही करत. कोणी गुंफा कोरवली, कोणी वाट बांधून दिली. एका पाण्याच्या टाक्यापाशी लेख आहे. सांचीच्या लेखांत शेवटी ‘दानं’ आहे तसा कान्हेरीत ‘देयधम्म’ हा शब्द येतो, बाकी मांडणी तीच: देणाऱ्याचे नाव, गाव आणि धंदा. हे टाके देणाऱ्याचे नाव सामिदत्त, राहणार कल्याण, धंदा सोनार.

लगड हातात पडेपर्यंत संध्याकाळ झाली होती. वाट पाहताना हा सामिदत्त मी गलाईवाल्याला सांगितला. त्याने हातातले काम थांबवून ऐकले आणि सोनाराने सोने किती दिले होते, असे विचारले. सोने नाही, पाणी दिले, असे मी म्हणालो. टाक्यात अजून पाणी असते का, हा त्याचा पुढचा प्रश्न. कान्हेरीची पुष्कळ टाकी पावसानंतर आजही भरलेली असतात, असे मी सांगितले. त्याने मान हलवली, लगड कापडाने पुसली आणि पुन्हा एकदा काट्यावर ठेवली.